आधी भाऊजींशी बोला, मग विहिरीचं बघू

वाचकाचं पत्र

ताई, मी इंदूरच्या रामबागेत राहते. माहेर धुळ्याजवळचं, पांझरेकाठचं. लग्न होऊन इथे आले त्याला पंचवीसएक वर्षं झाली. आमच्या जुन्या वाड्याचे आता चार हिस्से झालेत. एक आमचा, एक मोठ्या दिरांचा, एक एका माळवी कुटुंबाने विकत घेतलाय आणि एकात निवृत्त शिक्षक दांपत्य राहतं. मधल्या चौकात चौघांची मिळून विहीर आहे. सासूबाई होत्या तोवर तिचं पाणी धुण्याभांड्याला आणि झाडांना पुरायचं. आता फेब्रुवारीतच तळ दिसतो. आत कचरा पडलाय, कठडा एका बाजूने ढासळलाय. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, आमचं आणि भाऊजींचं अशी दोन्ही बोरिंग एप्रिलमध्ये धाप टाकतात आणि मग टँकर.

भाऊजींना विहिरीवर स्लॅब टाकून गाड्या लावायच्या आहेत. मला ती साफ करून छतांचं पावसाचं पाणी तिच्यात सोडायचं आहे. मागे बैठक झाली तेव्हा माझा तोल गेला. 'तुमच्या बोरिंगनेच विहीर मेली, तुम्ही पाणीचोर आहात' असं मी सगळ्यांसमोर म्हणाले. 'अहिल्यादेवींच्या शहरात विहीर बुजवताना लाज नाही वाटत?' असंही बोलून गेले. भाऊजी उठून गेले. रात्री तेच सगळं मी वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. तेव्हापासून दोन घरांत बोलणं नाही. पाडव्याला वहिनींकडून श्रीखंडाची वाटीसुद्धा आली नाही. मुलगा म्हणतो वकिलाची नोटीस पाठवू, हे म्हणतात सोडून दे. सगळं शहर जमिनीला भोकं पाडत सुटलंय, तिथे माझ्या एका विहिरीने काय होणार आहे? खरं सांगा, आशा ठेवावी का?

उत्तर

आशा ठेवा. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी हे लिहीत नाही. तुमच्या चौकातली विहीर का आटते याची कारणं समजण्यासारखी आहेत आणि त्यांतली बरीचशी चार घरांच्या हातातली आहेत. घोडं अडलंय ते चार घरं एकमेकांशी बोलत नाहीत इथे. त्यामुळे माझं उत्तर विहिरीपेक्षा भाऊजींबद्दल जास्त असेल. राग मानू नका.

भाऊजींना स्लॅब हवा आहे, हे तुम्ही लिहिलंत. का हवा आहे, याला पत्रात एकच उत्तर आहे: गाड्या. हे त्यांचं उत्तर आहे की तुम्ही त्यांच्या वतीने दिलेलं? मला वाटतं गाड्यांच्या मागे आणखी काही असावं, आणि इंदुरात राहणाऱ्याला ते फार समजावून सांगायला लागू नये. ३० मार्च २०२३, रामनवमीचा दिवस. पटेल नगरातल्या बेलेश्वर महादेव झूलेलाल मंदिरात हवन चालू असताना जुन्या बावडीवर घातलेलं छत खचलं आणि ३६ माणसं गेली. त्यानंतर या शहरातल्या कितीतरी घरांत जुन्या विहिरीकडे बघायची नजरच बदलली. ज्याच्या घरासमोर कठडा ढासळलेली विहीर आहे, त्याला रात्री झोप लागत नसेल तर त्याला पाण्याचा वैरी म्हणता येणार नाही.

त्या दुर्घटनेची एक गोष्ट मात्र तुमच्या वाड्यात सर्वांनी नीट समजून घ्यायला हवी. ती बावडी झाकलेली होती. आपण कशावर बसलो आहोत हे वर बसलेल्या अनेकांना माहीतच नव्हतं. म्हणजे भाऊजींची भीती खरी आहे, पण त्यावर त्यांनी काढलेला उपाय त्याच संकटाकडे नेणारा आहे. जुन्या दगडी बांधणीवर स्लॅब आणि स्लॅबवर गाड्या, खाली ओल, आत काय झिजतंय हे वरून कधीच दिसणार नाही. हे त्यांना कळायला हवं, पण तुमच्या तोंडून नको. तुमच्या तोंडून आलं की तो पुन्हा वाद होईल. चौघांनी पैसे काढून एखादा स्ट्रक्चरल इंजिनीअर बोलवा, भाऊजींनाच त्याच्याबरोबर विहिरीभोवती फिरू द्या, त्यांनाच प्रश्न विचारू द्या. कठडा पुन्हा बांधून चांगला उंच घेणं, वर कुलूप लावता येईल अशी लोखंडी जाळी बसवणं, असा मार्ग तो सांगेल अशी माझी अपेक्षा आहे. जाळीतून आतलं दिसतं, पोर आत पडत नाही, कचराही पडत नाही.

पण ही नंतरची पायरी झाली. आधी त्यांच्याकडे जा. एकट्या जा. यजमानांना निरोप्या करू नका, मुलाला सोबत नेऊ नका आणि ग्रुपवर अक्षरही लिहू नका. अपमान सगळ्यांदेखत झाला आहे, तेव्हा माफीही केव्हातरी सगळ्यांदेखत मागावी लागेल. पहिली मात्र त्यांच्या ओसरीवर, वहिनी समोर असताना. 'भाऊजी, त्या दिवशी मी तुम्हाला पाणीचोर म्हणाले. म्हणायला नको होतं, चुकलं माझं.' एवढंच बोलून थांबा. 'पण' तोंडाशी येईल, तो गिळून टाका. मग विचारा, 'विहीर बंद करावी असं तुम्हाला कशामुळे वाटतं, ते मला ऐकायचंय.' आणि खरंच ऐका. तुमची योजना त्या दिवशी काढूच नका.

ते कदाचित विहिरीबद्दल बोलणारच नाहीत. वाटणीच्या वेळचं काही निघेल, सासूबाईंच्या आजारपणात कोणी किती केलं हे निघेल, तुमच्या बोरिंगच्या वेळी त्यांना कुणी विचारलं नव्हतं हे निघेल. पाण्यावरून फाटलेल्या घरांची पत्रं मला नेहमी येतात आणि त्यांत पाण्याइतकंच जुनं दुखणं असतं. निघू द्या. प्रत्येक गोष्टीला उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. मोठ्या दिरांना भावजयीने येऊन काही विचारावं आणि गप्प बसून ऐकावं, एवढ्यानेही बैठकीत गेलेला मान थोडा परत येतो.

आता तुमच्या आरोपाकडे येते. 'तुमच्या बोरिंगने विहीर मेली.' वाड्यात बोरिंग दोन आहेत आणि त्यांतलं एक तुमचं आहे, हे तुमच्याच पत्रात आहे. शिवाय हा आरोप कुणी तपासलेला नाही. माळव्याची जमीन वरून काळी, तिच्याखाली मुरूम, आणि त्याखाली काळा पाषाण. काळी माती पाऊस लागला की भिजत घातलेल्या डाळीसारखी फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि पुढचं पाणी मुरण्याऐवजी वाहून जातं. विहिरीला पाणी येतं ते मुख्यतः मुरमाच्या आणि झिजलेल्या खडकाच्या थरातून, झिऱ्यांवाटे. बोरिंग त्याच्या पुष्कळ खाली, अखंड खडकातल्या फटींपर्यंत जातं. ही दोन पाणी कुठे जोडलेली असतात, कुठे नसतात. केसिंग, म्हणजे बोरिंगच्या वरच्या भागात बसवलेला पाइप, नीट बसलेलं नसेल तर वरच्या थराचं पाणी बोरिंगच्या भोकातून खाली निसटतं आणि शेजारची विहीर कोरडी होते. केसिंग पक्कं असेल तर कारण दुसरं असू शकतं: चौकात घातलेली फरशी, बाहेरची सिमेंटची गल्ली, वर्षानुवर्षं साचलेल्या गाळाने बुजलेले झिरे. या पंचवीस वर्षांत तुमच्या वाड्याभोवतीची किती माती उघडी राहिली आहे, हे आठवून पाहा.

तपासणं अवघड नाही. दोरीला दर फुटावर गाठ मारा, टोकाला वजन बांधा. सकाळी कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा, एक बोरिंग दोन-तीन तास चालवा, पुन्हा मोजा. दुसऱ्या दिवशी हेच दुसऱ्या बोरिंगचं. पहिली पाळी तुमच्या बोरिंगची लावा, भाऊजींच्या नको. विहिरीत थोडंफार पाणी असेल तेव्हाच हे जमेल, तळच उघडा पडला असेल तर पाऊस संपल्यावर करा. जे निघेल ते चौघांसमोर निघेल, आणि मग कुणाला चोर म्हणायची गरज राहणार नाही.

अहिल्यादेवींच्या नावाचा जो वापर तुमच्याकडून झाला, तो मला खटकला, हेही सांगायला हवं. १७६७ ते १७९५ त्यांनी महेश्वरहून राज्य केलं आणि देशभर विहिरी, कुंड, घाट बांधले, हे आपण इंदूरकर अभिमानाने सांगतो. पण त्या रोज दरबारात बसून रयतेची गाऱ्हाणी स्वतः ऐकत, हेही तितकंच प्रसिद्ध आहे. त्यांच्या नावाने कुणाची लाज काढायची आणि त्याचं म्हणणं मात्र ऐकायचं नाही, हे त्या नावाला शोभत नाही. पुन्हा बोलणं झालं तर त्यांचं नाव या बाजूने काढा.

तुमचं माहेर पांझरेकाठचं आहे, म्हणून फडाची आठवण करून देते. माहेरी कुणी जुनं माणूस असेल तर त्यांना जरूर विचारा. पांझरेवर काही शतकांपूर्वी घातलेले दगडी बंधारे, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालची गावची जमीन वाटून केलेले फड. एका फडात एका हंगामात एकच पीक, म्हणजे सगळ्यांना पाणी सारखंच आणि एकाच वेळी लागतं. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणत्या फडाला द्यायचं आणि कोणता कोरडा ठेवायचा, हे शेतकरी बसून ठरवत. पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी, त्याचा मोबदला गावाने द्यायचा, आणि पाटातला गाळ काढायला लाभधारकांपैकी प्रत्येकाने राबायचं. बंधाऱ्याच्या दगडांचं कौतुक सगळे करतात. मला त्या बसण्याचं जास्त कौतुक वाटतं. कोरडा फड कुणाचा, हे भर दुष्काळात ठरवायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या खांद्याला खांदा लावून गाळ काढायचा, याला केवढा समजूतदारपणा लागत असेल! तुम्ही त्या मुलखातून आला आहात. चार घरांची बैठक तुम्हाला जड जायला नको.

आपल्या शेजारच्या देवासचं उदाहरण तर तुमच्या भांडणाला नेमकं लागू पडतं. देवासने एके काळी रेल्वेने आणलेलं पाणी प्यायलं आहे. गावोगाव नलकूप खणून खणून पाणी खोल खोल गेलं होतं. २००६ मध्ये उमाकांत उमराव तिथे जिल्हाधिकारी होते. शेततळ्यांची मोहीम काढताना ते ज्यांनी सगळ्यात जास्त उपसा केला होता अशा मोठ्या शेतकऱ्यांकडे आधी गेले. त्यांना दोषी धरलं नाही. बोरिंगवर किती पैसा गेला, त्यातली किती कोरडी निघाली, तेवढ्यात शेतात तळं केलं असतं तर काय झालं असतं, हा हिशेब त्यांच्यासमोर मांडला. तळ्याला नाव दिलं रेवासागर आणि तळं करणाऱ्याला भागीरथ कृषक. ज्याच्याकडे गुन्हेगार म्हणून बोट दाखवता आलं असतं, त्यालाच भगीरथाचं नाव मिळालं. जिल्ह्यात पुढे हजारो तळी झाली आणि बहुतेक शेतकऱ्यांनी स्वतःच्या पैशाने केली. तुम्ही भाऊजींना दिलेलं नाव आणि देवासने दिलेलं नाव शेजारी ठेवून बघा, बाकी मी काही म्हणत नाही.

झाबुआच्या भिल्लांची हलमाची रीतही तुम्हाला माहीत असावी. एखाद्या घरावर असं संकट आलं की जे एकट्याने निभत नाही, तर ते घर गावाला हलमाचं बोलावणं करतं, आणि गाव आपापली अवजारं घेऊन येतं. मजुरी नाही, उपकाराची भाषा नाही. याच रीतीने शिवगंगा संस्थेच्या हाकेवर हजारो लोक झाबुआच्या हाथीपावा टेकडीवर जमले आणि पाणी अडवायला समतल चर खणले. त्या कामासाठी महेश शर्मांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. मला यात भावतं ते बोलावणं. 'मला जमत नाही, या' असं म्हणण्यात तिथे कमीपणा मानत नाहीत. तुम्ही बैठकीत योजना घेऊन गेलात आणि इतरांनी ती मान्य करावी अशी अपेक्षा केलीत. त्याऐवजी 'ही विहीर एकटीने होणार नाही माझ्याने, काय करावं?' असं विचारलं असतं तर काय झालं असतं, कोण जाणे. अजूनही विचारता येईल. माळवी कुटुंबातल्या वडीलधाऱ्यांना, बासाबांना, विहिरीचे झिरे कसे ओळखायचे, गाळ कसा काढायचा हे विचारा, गावाकडून आलेले असतील तर त्यांना शहरातल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत असेल. शिक्षकांना मोजमापाची वही सांभाळायला द्या. जो तो आपापल्या कामाने विहिरीशी जोडला गेला की दोन बाजू उरत नाहीत.

आता पाण्याचा हिशेब, कारण भाऊजी व्यवहारी माणूस दिसतात आणि त्यांना आकडे लागतील. इंदुरात वर्षाला साधारण ९०० ते ९५० मिलिमीटर पाऊस पडतो. एकेका घराचं छत ८० चौरस मीटर धरलं तर चार छतं मिळून ३२० चौरस मीटर. ९०० मिलिमीटर पाऊस धरला आणि वाफ, गळती, पहिल्या पावसाचं सोडून दिलेलं पाणी असं सगळं मिळून पाचवा हिस्सा वजा केला, तरी सव्वादोन लाख लिटरच्या वर पाणी हाती राहतं. पाच हजार लिटरचा एक टँकर धरला तर पंचेचाळीसहून जास्त टँकर. आज हे सगळं गल्लीतून नाल्यात आणि तिथून कान्ह नदीच्या गटारात जातं. मात्र भाऊजींना असं सांगू नका की सगळं पाणी विहिरीत साठून राहील. दहा फूट व्यासाच्या विहिरीत पाणी एक फूट चढलं तर ते सुमारे २,२०० लिटर होतं, म्हणजे विहिरीत मावण्याला मर्यादा आहे. बाकीचं झिऱ्यांवाटे उलट्या दिशेने मुरमात पसरेल, शेजारच्या वाड्याखालीही जाईल. ते वाया गेलं असं समजू नका. मुरमात साठलेलंच पाऊस संपल्यावर हळूहळू परत विहिरीत झिरपतं, आणि शेजारच्यांनीही छतं जोडली तर त्यांचं तुमच्याकडे येईल.

कामाचा क्रम पाळा. स्वच्छतेसाठी कुणालाही थेट विहिरीत उतरवू नका, मग तो कितीही सराईत असो. बंद पडलेल्या विहिरीच्या तळाशी विषारी वायू साठतो, आणि एकाला चक्कर आली की वाचवायला उतरलेला दुसराही जातो. कंदील खाली सोडून बघायची जुनी पद्धत सगळे वायू ओळखत नाही. वायू तपासायचं यंत्र आणि कमरेचा दोर असलेले माहीतगार लोकच बोलवा. दुसरं, विहिरीच्या जवळपास संडासाचा चेंबर किंवा फुटकी गटारवाहिनी आहे का, हे बघा. असेल तर आधी ती दुरुस्त करा, नाहीतर पावसाबरोबर घाणही मुरेल.

मग छतं. पावसाळ्याआधी झाडून धुवायची. पन्हाळीचं पाणी पाइपने एकत्र आणायचं आणि पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायला वेगळी तोटी ठेवायची. नंतरचं पाणी गाळणीच्या हौदातून जाऊ द्यायचं: तळाला मोठे दगड, त्यावर गिट्टी, वर जाड वाळू, आणि तोंडाला बारीक जाळी. वाळूचा वरचा थर दरवर्षी धुवायचा किंवा बदलायचा, हे कोण करणार ते आधीच ठरवा, कारण अशा कामांचा शेवट बहुतेक इथेच होतो. पाइपचं टोक विहिरीत खोलवर न्या, उंचावरून पाणी आदळलं तर गाळ ढवळतो आणि जुनी बांधणी सुटते. जोराचा पाऊस एका दिवसात शंभर मिलिमीटरही पडतो, तेव्हा जादा पाणी बाहेर जायला वाट ठेवा. आणि हे पाणी वापरायलाच. पिण्याचा विचार लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय करू नका.

मध्य प्रदेशात १४० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधताना पावसाचं पाणी मुरवण्याची सोय करणं बंधनकारक आहे. हे बैठकीत उगारू नका. नियम माहीत असू दे, एवढंच.

एका विहिरीने काय होणार, असं तुम्ही विचारता. इंदूर केंद्रीय भूजल मंडळाच्या लेखी अतिशोषित आहे, म्हणजे जमिनीत जितकं मुरतं त्याहून जास्त आपण काढतो. आणि नळाला येणारं नर्मदेचं पाणी तर मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, पाचशे मीटरहून अधिक उंच चढवून आणावं लागतं. हे पाणी मिळावं म्हणून १९७० मध्ये इंदूरकर रस्त्यावर उतरले होते, ते १९७८ मध्ये पोचलं. ते चढवायला इतकी वीज लागते की महापालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटींचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढून जलूदजवळ ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला. घाट चढून आलेल्या त्या पाण्याने आपण पायऱ्या धुतो आणि कुंड्यांना घालतो. तुमच्या विहिरीने ही वापराची गरज वर्षातले काही महिने जरी भागवली तरी तेवढं नर्मदेचं पाणी दुसऱ्या घराला जाईल. शहराचा प्रश्न यातून सुटेल असं मी म्हणणार नाही. तुमचे एप्रिल-मेचे टँकर कमी होतील, हे मात्र म्हणते, आणि रामबागेतल्या दुसऱ्या वाड्यात बंद पडलेली विहीर असेल तर तिथले लोक बघायला येतील.

नोटिशीबद्दल. घराचे कागद काढून ठेवा. विहीर चौघांची असेल तर एकट्याला तिच्यावर बांधता येणार नाही, आणि उद्या अचानक सळया-सिमेंट येऊन पडलं तर वकिलाचा सल्ला घ्या, महापालिकेत जा, तिथे संकोच नको. पण आज नोटीस पाठवलीत तर भाऊजी तुमच्याशी बोलायचे थांबतील आणि त्यांचा वकील बोलू लागेल. मुलाला सांगा, थांब जरा.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली आहे. तुमच्या खान्देशात त्या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याची घागर पुजतात. सासू-सासरे तुमच्या आणि भाऊजींच्या घराचे एकच आहेत. त्या दिवशी भाऊजी-वहिनींना पुरणपोळी आणि आमरसाला बोलवा, त्याआधी माफीचं बोलणं झालेलं असू द्या. विहिरीचा विषय तुम्ही काढू नका. त्यांनी काढला तर बोला. सासूबाईंच्या वेळची विहीर त्यांनी तुमच्या आधी कितीतरी वर्षं पाहिली आहे, पोहायलाही तिथेच शिकले असतील. तुम्ही लग्न होऊन आलात, ते तिथेच वाढले. विहिरीबद्दल तुम्हाला जे वाटतं ते त्यांना वाटतच नसेल, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

आणि इतकं करूनही ते नाहीच म्हणाले तर? शक्य आहे. तेव्हा विहिरीला हात लावू नका, ती सामाईक आहे. तुमच्या छताचं पाणी तुमच्या हिश्श्यातल्या अंगणात शोषखड्डा करून मुरवा. पायापासून निदान दहा फूट लांब घ्या आणि काळी माती ओलांडून मुरमापर्यंत खणा, नाहीतर पाणी नुसतं तुंबून राहील. इंदुरात पाऊस जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात धरतो, तोवर हे सहज होईल. कठडा आणि जाळी यांचा आग्रह मात्र सोडू नका, त्यात सगळ्यांचाच जीव आहे, आणि त्याला भाऊजीही नाही म्हणणार नाहीत. दर रविवारी दोरी टाकून विहिरीची पातळी मोजत राहा. आकडा आणि तारीख वहीत लिहा. वही चौकात सर्वांच्या हाताला येईल अशी टांगा, आणि भाऊजींनी ती पाहिली का, हे कुणाला विचारू नका.